वरती बर्फ होतोय पण खालचा फ्रीज गारच होत नाही, गॅस संपलाय म्हणतात, खरं का?

उशिरा_उठणारी

मंडळी जरा मदत हवीये. आमचा दोन दारांचा फ्रॉस्ट फ्री फ्रीज आहे, ९ वर्षं झाली, आजवर एकदाही मेकॅनिकचं तोंड बघावं लागलं नव्हतं. गेले आठ दिवस खालच्या कप्प्यातलं दूध सकाळपर्यंत टिकत नाहीये, भाज्या मलूल होतायत, पाण्याची बाटली नळाच्या पाण्याइतकीच. वरती मात्र बर्फाचा ट्रे होतो, आईस्क्रीम मऊ झालंय पण पातळ नाही. आणि फ्रीज बंदच पडत नाही, म्हणजे पूर्वी थोडा वेळ चालून थांबायचा तसा थांबत नाही, दिवसरात्र घुंईईई चालूच. मधे दोनतीन दिवस आतून पंख्याला काहीतरी घासल्यासारखा खर्र खर्र आवाज यायचा, तो आता आपोआप थांबला म्हणून मी खूश होते तर हे सुरू झालं.

काल एक मेकॅनिक येऊन गेला. दार उघडलं, वरती हात लावला, खालती हात लावला, दोन मिनिटांत निकाल, गॅस संपलाय आणि कॉम्प्रेसर पण कमजोर झालाय, एवढा खर्च करण्यापेक्षा नवीनच घ्या. मागचं काही उघडून बघितलं नाही की मीटर लावला नाही. मला त्यातलं काही कळत नाही पण इतक्या झटपट सांगितलं की शंका आली. गॅस असा वापरून संपतो का? आणि संपला असेल तर वरती बर्फ कसा होतोय?

हिशोबी

९ वर्षं म्हणजे पैसे वसूल झाले ताई. जुन्याला एक रिपेअर केलं की दुसरं निघतं. नवीन घ्या, वीजही कमी खाईल.

पाना_पकड

हिशोबी, जरा दमाने घ्या, आधी रोग तर कळू दे.

ताई, मी २० वर्षांहून जास्त हेच काम केलंय, आता गुडघ्यांमुळे बंद केलं. तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर, गॅस वापरून संपत नाही. फ्रीजचा गॅस बंद नळ्यांमधे फिरत राहतो, तो पेट्रोलसारखा जळत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे एवढाच अर्थ, आणि लीक न शोधता नुसता गॅस भरला तर काही दिवसांनी तुम्ही परत त्याच जागी. त्यामुळे जो माणूस लीकचं नाव न काढता थेट चार्जिंगवर येतो त्याला चहा पाजून वाटेला लावायचं.

आता तुमची लक्षणं बघा. तुम्ही जे लिहिलंय त्यात सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, तो खर्र खर्र आवाज. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमधे थंडी तयार करणारी कॉइल एकच असते बहुतेक वेळा, ती फ्रीजरच्या मागच्या प्लॅस्टिक पॅनेलच्या आड. तिच्यावर एक छोटा पंखा असतो, तो गार हवा फ्रीजरमधे सोडतो आणि त्यातलीच थोडी हवा एका बोळातून खालच्या कप्प्यात येते. म्हणजे खालचा कप्पा स्वतः काही गार करत नाही, वरून उसनी थंडी घेतो. दार उघडलं की ओल आत जाते आणि कॉइलवर बर्फ साठतो, तो वितळवायला कॉइलच्या खाली हीटर असतो. कॉम्प्रेसर साधारण ६ ते १२ तास चालला की एकदा हीटर लागतो, बर्फ वितळतो, पाणी नळीतून मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमधे जातं आणि तिथल्या गरमीने उडून जातं. ही हीटरची साखळी कुठेही तुटली की बर्फ साठत जातो साठत जातो, आधी पंख्याच्या पात्याला लागतो म्हणून खर्र, मग पंखा अडकतो म्हणून शांतता, आणि मग हवाच खाली येत नाही. वरती कॉइल जवळ आहे म्हणून बर्फाचा ट्रे होतोच. खालचा थर्मोस्टॅट बिचारा ओरडतोय मला थंडी द्या, म्हणून कॉम्प्रेसर थांबत नाही.

माझा ९० टक्के संशय यावर. उरलेले १० टक्के अशासाठी की गॅस थोडाच कमी झाला असेल तरी सुरुवातीला असंच चित्र दिसतं, वरती बऱ्यापैकी, खाली गरम. फरक कळतो मागचं पॅनेल उघडल्यावर. पूर्ण कॉइलवर पांढरा जाड बर्फ म्हणजे डीफ्रॉस्टचा, म्हणजे बर्फ वितळवण्याच्या साखळीचा घोळ. एकाच कोपऱ्यात, जिथून गॅस आत येतो तेवढ्याच भागात बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी म्हणजे गॅस कमी. हे न बघता सांगितलेलं निदान म्हणजे पत्रिका न बघता सांगितलेलं भविष्य.

घरी करता येण्यासारखी टेस्ट सांगतो. सगळं सामान काढा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून २४ तास तसंच राहू दे. खाली जुने टॉवेल टाका, पाणी येईल. मग चालू करून दुसऱ्या दिवशी बघा. खालचा कप्पा पहिल्यासारखा गार झाला तर कॉम्प्रेसर ठीक, गॅस ठीक. आणि तो गारवा चारआठ दिवस टिकून परत गेला तर डीफ्रॉस्ट नक्की.

रिकामा_डबा

२४ तास कोण थांबतं, माझ्याकडे असं झालं होतं तर मी स्क्रू ड्रायव्हरने टोचून टोचून अर्ध्या तासात बर्फ काढला. फक्त हळू करायचं.

नळाखालची_बादली

नका!! प्लीज नका. मी एका दाराच्या जुन्या फ्रीजमधे हेच केलं होतं, सुरीने, आणि "हळू"च करत होते. एकदम फुस्स आवाज आला आणि मग कायमचा शांत. वरचा जो खोका असतो ना ज्याला बर्फ धरतो, तो खोका म्हणजेच कॉइल, पातळ ॲल्युमिनियम आणि आत गॅसच्या वाटा. एक भोक पडलं की खेळ खलास. साध्या डीफ्रॉस्टच्या फ्रीजला बर्फ अर्धा सेंटिमीटर झाला की बंद करून आपोआप वितळू द्यायचा, घाई असेल तर आत कोमट पाण्याचं भांडं ठेवायचं. एक सुरी आणि एक फ्रीज गमावून शिकलेली अक्कल आहे ही.

पाना_पकड

बादलीताईंना शंभर टक्के अनुमोदन. शिवाय आता बऱ्याच घरगुती फ्रीजमधे आर ६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, तो पेट घेणारा गॅस आहे. प्रमाण फार थोडं असतं, ग्रॅममधेच मोजण्याइतकं, त्यामुळे घाबरून फ्रीज बाहेर काढायची गरज नाही, पण भोक पडलं तर प्लग किंवा स्विचला हात न लावता खिडक्या उघडायच्या आणि जवळ काडी ओढायची नाही. आणि असल्या फ्रीजवर कोणी गॅस न काढता सरळ ज्योत लावून वेल्डिंग करायला लागला तर त्याला थांबवा. कुठला गॅस आहे ते मागच्या किंवा आतल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. आर १३४ए असेल तर तो पेटत नाही. सिस्टिम उघडली की ड्रायर फिल्टर, म्हणजे आतली ओल शोषणारी डबी, नवीन टाकायलाच हवा, जुना तसाच ठेवला तर आत गेलेली ओल बारीक कॅपिलरी नळीत गोठून रस्ता बंद करते आणि मग लोक म्हणतात गॅस भरून पण उपयोग झाला नाही.

काठावरचा

धाग्याला थोडा फाटा फोडतो, राग नसावा. आमचा फ्रीज दर दोनतीन मिनिटांनी मागून टक् करतो, त्याआधी दहा सेकंद हम्म्म असा आवाज येतो आणि मग टक्. आतला दिवा लागतो. गार काहीच नाही. हा पण डीफ्रॉस्ट का?

पाना_पकड

नाही, हे वेगळं दुखणं. कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतोय, उठत नाही, जास्त करंट खातो आणि ओव्हरलोड, म्हणजे तापल्यावर वीज तोडणारा स्विच, त्याला पाडतो, ते टक् म्हणजे ओव्हरलोड. थंड झाला की परत प्रयत्न. आधी व्होल्टेज बघा, कमी व्होल्टेजला चांगला कॉम्प्रेसर पण उठत नाही. फ्रीज एक्स्टेन्शनवर लावला असेल तर सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावून बघा, बारीक वायरच्या लांब एक्स्टेन्शनने फ्रीज छळले जातात. व्होल्टेज ठीक असेल तर पुढचा संशय रिले, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू व्हायला धक्का देणारा भाग. कॉम्प्रेसरच्या बाजूला छोटी डबी असते, प्लग काढून ती काढायची आणि कानाशी हलवायची, आत खुळखुळ वाजली तर आतली चकती फुटली, रिले गेला. अगदी स्वस्तातला भाग आहे तो. पण हे जुन्या साध्या कॉम्प्रेसरचं झालं, इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असेल तर तिथे रिले नसतो, बोर्ड असतो, त्यात हात घालू नका. आणि तोवर फ्रीज बंद ठेवा, तासन् तास टक् टक् करू दिला तर चांगला कॉम्प्रेसर जळायचा.

काठावरचा

एक्स्टेन्शनवरच होता 🙈 त्यावर मिक्सर पण. सरळ भिंतीत लावला, पहिल्या झटक्यात उठला. काय बोलणार.

उशिरा_उठणारी

अपडेट देते. पाना_पकड काका (काकाच म्हणते), तुम्ही सांगितलं तसं २४ तास बंद ठेवला. बापरे किती पाणी! रात्री पॅनेलच्या मागून आपोआप बर्फाचे तुकडे पडायचे आवाज येत होते. दुसऱ्या दिवशी चालू केला आणि संध्याकाळपर्यंत खालचा कप्पा मस्त गार. बाटलीला बाहेरून दव आलं इतका. म्हणजे गॅस आहे, कॉम्प्रेसर आहे. त्या मेकॅनिकला फोन करावासा वाटला पण म्हटलं जाऊ दे.

आता मी थर्मामीटर आणलाय. नुसता आत ठेवला तर दार उघडलं की आकडा उड्या मारतो म्हणून काय करू?

पाना_पकड

थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा, सकाळी सगळ्यात आधी बघा, तो खरा आकडा. खाली ४ अंश किंवा त्याच्या आत हवं, फ्रीजरमधे उणे १८. डायलवर जे १ ते ५ किंवा ७ असतं ते अंश नव्हेत बरं का, नुसती पायरी, आकडा मोठा तितका जास्त गार. कितीतरी लोक डायल ४ वर ठेवून ४ अंश आहे समजतात.

आणि घाईने आनंद करू नका, आठवडा जाऊ दे.

उशिरा_उठणारी

तुमच्या तोंडात साखर पडो का काय म्हणू आता 😩 सहा दिवस ४ अंशांवर होता, काल ७, आज ९, आणि खर्र खर्र परत सुरू.

पाना_पकड

मग पक्कं. आता चांगला माणूस बोलवा आणि त्याला सरळ सांगा डीफ्रॉस्टचं सर्किट तपासा. त्यात चारच गोष्टी, हीटर, बायमेटल (गारव्यानुसार हीटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) किंवा सेन्सर, थर्मल फ्यूज (फार तापलं तर वीज कायमची तोडणारा), आणि हे सगळं चालवणारा टायमर किंवा बोर्ड. मीटर लावून दहा मिनिटांत कळतं कोण मेलंय. एक पाचर मारून ठेवतो, बायमेटल हा गार असतानाच जोडलेला असतो, खोलीच्या गरमीत तपासला तर तो उघडाच दाखवणार, मग चांगला बायमेटल बदलून बिल लावलं जातं. कधी अज्ञानाने, कधी ज्ञानाने. त्यामुळे बर्फ साठलेला असतानाच तपासायला सांगा, आधी वितळवू नका.

उशिरा_उठणारी

झालं!! दुसरा मेकॅनिक आला, त्याने स्वतःच पॅनेल उघडलं, कॉइल म्हणजे अक्षरशः पांढरी भिंत. मीटर लावला, हीटर ठीक, थर्मल फ्यूज गेलेला. फ्यूज आणि बायमेटल एकाच वायरीवर जोडीने येतात म्हणे, ते बदललं, बर्फ काढला, तळाशी पाणी जायचं भोक पण कचऱ्याने तुंबलं होतं ते कोमट पाणी पिचकारीने मारून मोकळं केलं. जाताना म्हणाला कॉम्प्रेसर उत्तम आहे, अजून बरीच वर्षं जाईल. आज बारावा दिवस, ४ अंश, आणि मुख्य म्हणजे मधेमधे थांबतो! रात्री एकदम शांतता झाली की मलाच दचकायला होतं.

आता विचारते, हा अजून टिकावा म्हणून मी काय करू? नेटवर ढीगभर टिप्स आहेत, त्यातलं खरं काय?

पाना_पकड

ढीगभर काही करायचं नसतं. मी जितके फ्रीज उघडले त्यात सर्वात जास्त मारतात दोन गोष्टी, धूळ आणि रबर.

धूळ म्हणजे कंडेन्सरवरची. आतली गरमी बाहेर टाकणारी कॉइल ती, काहींना मागे काळी जाळी दिसते, काहींना खाली कॉम्प्रेसरजवळ असते पंख्यासकट, आणि काहींना बाजूच्या पत्र्याच्या आत लपवलेली असते. लपवलेली असेल तर साफ करायला काही नाही, फक्त दोन्ही बाजूंना आणि मागे बोटं जातील एवढी जागा सोडा, अशा फ्रीजच्या बाजू गरम लागतात ते नॉर्मल आहे, दोन दारांच्या मधली पट्टी कोमट लागते तेही नॉर्मल, तिथे दव धरू नये म्हणून मुद्दाम गरम ठेवतात. जाळी बाहेर असेल तर सहा महिन्यांनी प्लग काढून मऊ ब्रशने झाडा, घरात कुत्रं मांजर असेल तर आधीच. धुळीने गरमी बाहेर जात नाही, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, जास्त तापतो, आणि फ्रीजमधे सगळ्यात महाग भाग तोच.

रबर म्हणजे दाराचं गॅस्केट. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा, सहज सुटली तर तिथून हवा जाते. चारी बाजूंनी बघायचं, बिजागरीकडची बाजू लोक विसरतात. लगेच नवीन रबर नको, आधी साबणाच्या कोमट पाण्याने खाचा पुसा, चिकट डाग असेल तर तेवढ्याने पण सुटतं. दबलेलं असेल तर गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकून बोटाने बाहेर ओढा, बऱ्याचदा आकार परत येतो. फाटलं असेल तर मात्र बदला. गळक्या रबराने ओल आत जाते, ओलीने बर्फ, बर्फाने हीटरला जास्त काम, म्हणजे तुमच्या दुखण्याची पाळंमुळं तिथे असू शकतात.

बाकी किरकोळ. पुढचे पाय किंचित वर ठेवा म्हणजे दार सोडलं की स्वतः लागेल. वीज गेली आणि लगेच आली तर साध्या कॉम्प्रेसरला पाच मिनिटं उसंत हवी, आतलं प्रेशर समान व्हावं लागतं, म्हणून बंद-चालू बंद-चालू करू नका. आतली जाळीची भोकं, जिथून हवा येते, त्यांच्यासमोर डबे कोंबू नका. फ्रीजर भरलेला चांगला, खालचा कप्पा ठासून भरलेला वाईट.

नळाखालची_बादली

फ्रीज शिफ्ट करताना आडवा करावा लागला तर?

पाना_पकड

शक्यतो करूच नका. केलाच तर नंतर उभा करून काही तास तसाच ठेवा आणि मग चालू करा, कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांमधे गेलेलं असतं ते खाली उतरू दे. जितका वेळ आडवा होता निदान तितका तरी वेळ उभा, हा माझा हिशोब. कंपनीच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर पुस्तकाचं ऐका.

रिकामा_डबा

रात्री कडाड् आवाज येतो तो काय? मला वाटलं काच फुटली.

पाना_पकड

प्लॅस्टिक आकसतं-फुगतं त्याचा. बुडबुड, सळसळ, मधेच चर्र (हीटरवर पाणी पडतं) हे सगळं निरोगी माणसाच्या पोटासारखं. नवीन आवाज आला, किंवा रोजचा आवाज बंद झाला, तेव्हा कान द्यायचा.

हिशोबी

मी सकाळी आमच्या फ्रीजच्या मागे बघितलं. सात वर्षांत पहिल्यांदा. जाळी दिसतच नव्हती हो, धुळीची गोधडी पांघरून बसला होता, वर एक मोजा पण सापडला. झाडून काढलं.

पाना_पकड

प्लग काढून ना?

हिशोबी

अर्धं झाल्यावर काढला.